मित्राची फाइल

जुलै २०२४ मध्ये माजी कसोटीपटू संदीप पाटील यांनी आपल्या वृत्तपत्रातल्या सदरातून एक गोष्ट सगळ्यांसमोर आणली. अंशुमन गायकवाड लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत होते, पाटील आणि दिलीप वेंगसरकर त्यांना भेटून आले होते, आणि उपचारांना पैसे कमी पडत होते. हेच ते गायकवाड, ज्यांनी १९७६ मध्ये किंग्स्टनच्या खेळपट्टीवर वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर अंगावर चेंडू झेलत ८१ धावा केल्या आणि कानावर चेंडू लागल्यावरच मैदान सोडलं. चाळीस कसोटी खेळलेल्या या माणसानं आपली अडचण मित्रांना सांगितली. पुढचं काम मित्रांनी केलं. पाटील आणि वेंगसरकर क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे खजिनदार आशिष शेलार यांच्याशी बोलले. कपिल देव यांनी आपली पेन्शन द्यायची तयारी दाखवली. मंडळानं एक कोटी रुपये मंजूर केले. ३१ जुलैला बडोद्यात गायकवाड गेले.

जीव वाचला नाही. तरीही पाटील-वेंगसरकरांनी काय केलं ते नीट पाहावं. आजारी माणसाला चारचौघांत जे मागता येत नाही, ते त्यांनी योग्य माणसाच्या दारात जाऊन, स्पष्ट शब्दांत मागितलं.

विनोद कांबळीचं उदाहरण तर मुंबईच्या उपनगरातलंच. कांजूरमार्गच्या इंदिरानगरमध्ये वाढलेला हा मुलगा फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकरसोबत ६६४ धावांची भागीदारी करून गेला. २०१३ मध्ये त्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांचा खर्च सचिननं उचलला, हे कांबळीनं स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा रुग्णालयात होता. सुनील गावसकर यांच्या चॅम्प्स फाउंडेशननं एप्रिल २०२५ पासून त्याला दरमहा ३०,००० रुपये आणि औषधपाण्यासाठी वर्षाला वेगळे ३०,००० द्यायला सुरुवात केली. एकरकमी मोठ्या चेकपेक्षा दरमहा ठरलेल्या दिवशी येणारी रक्कम आजारी घराला जास्त आधार देते. ज्यांनी असं घर जवळून पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण सगळ्यांचे मित्र कसोटीपटू नसतात.

घाटकोपरच्या पंतनगरमध्ये एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले दोघे. एक पुढे पूर्व उपनगरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बिलिंग काउंटरवर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. दुसरा भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू-चुन्याची सवय, ती तिथंच वाढली. गालाच्या आत पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम, मग तोंड दोन बोटांहून जास्त उघडेना. बायोप्सीचा कागद त्यानं बरेच दिवस घरातल्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता. बायकोच्या हाती लागला तेव्हा तिनं पहिला फोन नवऱ्याच्या मित्राला केला. “भाऊजी, याच्यावर कार्सिनोमा लिहिलंय. तुम्ही या.”

बिलिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला रोगापेक्षा रोग्याच्या घराची वाट आधी दिसते. काउंटरच्या काचेतून त्यानं ती रोज पाहिली होती. अंदाजपत्रक हातात घेऊन गप्प उभा राहणारा मुलगा. रुमालात गुंडाळलेल्या नोटा मोजून देणारी म्हातारी. डॉक्टरांनी सकाळी डिस्चार्ज लिहिलेला आणि बाकी रकमेसाठी संध्याकाळपर्यंत पलंगावर कपडे घालून बसलेला पेशंट. बहुतेकांना काही ना काही सवलत मिळाली असती. ती कुठे, कुणाकडे आणि कधी मागायची हेच माहीत नव्हतं. काउंटरवरचा माणूस सांगणार कधी? मागे पंधरा जणांची रांग असते, आणि सांगितलं तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्या घडीला काही शिरत नाही.

म्हणून मित्राच्या बाबतीत त्यानं ठरवलं, फाइल आपण सांभाळायची. पेशंटनं फक्त पेशंट व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात त्याची परीक्षा झाली. जवळच्या एका खासगी रुग्णालयानं शस्त्रक्रियेचा अंदाज दिला, चार लाखांच्या पुढचा. संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरा, उद्याची तारीख देतो. वहिनी मंगळसूत्र आणि मुलीसाठी जमवलेल्या बांगड्या घेऊन सोनाराकडे निघाल्या होत्या. यानं त्यांना दारातच थांबवलं. “सही करू नका. एक दिवस मला द्या. एका दिवसानं आजार वाढत नाही, कर्ज मात्र वाढतं.”

मग त्यानं तो अंदाजपत्रकाचा कागद टेबलावर पसरला आणि पेन्सिलनं खुणा करत मित्राच्या मुलाला समजावलं. वर खोलीचा प्रकार लिहिला होता, सेमी-प्रायव्हेट. लोकांना वाटतं खोली बदलली की फक्त खोलीचं भाडं बदलतं. पुष्कळशा खासगी रुग्णालयांत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, अगदी रक्ताच्या तपासण्यासुद्धा खोलीच्या वर्गाप्रमाणे लागतात. तेच डॉक्टर, तेच थिएटर, तोच टाका, पण जनरल वॉर्डच्या पेशंटला एक दर आणि सेमी-प्रायव्हेटच्या पेशंटला दुसरा. विमा असेल आणि खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली, तर विमा कंपनी बाकीच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लावू शकते. दुसरी खूण त्यानं ‘औषधं व साहित्य’ या एका ओळीतल्या भल्यामोठ्या रकमेवर केली. याचा तपशील मागायचा. वॉर्डमध्ये आलेली पण न वापरलेली औषधं, सलाइनचे सेट, सिरिंज, हातमोजे डिस्चार्जच्या आधी फार्मसीत परत जातात आणि त्यांची रक्कम बिलातून वजा होते. ते परत गेले की नाही हे नातेवाइकांनी विचारलं नाही, तर घाईगडबडीत राहून जाऊ शकतं. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तेच त्याचं रोजचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मित्र परळला टाटा मेमोरियलला गेले.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यानंतर टाटा कुटुंबाच्या न्यासानं या कामात पैसा घातला, आणि १९६२ पासून संस्था अणुऊर्जा विभागाकडे आहे. बाहेरच्या फुटपाथवर देशभरातले लोक पथाऱ्या टाकून असतात. पहिल्यांदा जाणारा माणूस ती गर्दी बघूनच परत फिरायच्या बेतात येतो, आणि त्याच क्षणी शेजारी कुणी तरी लागतं. बिलिंगवाल्यानं जनरल वर्गात नाव नोंदवलं आणि मित्र बाकावर टेकलेला असताना स्वतः सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, त्यात मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही होते. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. सुरुवातीला वर्षाला कुटुंबामागे दीड लाखांचं संरक्षण होतं. आता ते पाच लाखांवर गेलंय आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही त्यात घेतलंय. योजना कागदावर चांगली आहे, आणि अनुभवातही चांगली ठरली. अडलं ते एका अक्षरापाशी. रेशनकार्डावर मित्राच्या वडिलांचं नाव एका पद्धतीनं लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या. मंजुरीचा अर्ज पुढे सरकेना. घरातल्या कुणालाही हा फरक इतक्या वर्षांत दिसला नव्हता. कारण पाहायची वेळच आली नव्हती.

उत्पन्नाच्या दाखल्याची धावपळ वेगळीच. मुंबई उपनगर जिल्ह्यात तीन तालुके, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतं, आणि त्याचं तहसील कार्यालय आहे मुलुंडला. कुर्ल्याला जाऊन कार्यालय शोधणारी माणसं त्याला काउंटरवर पुष्कळ भेटली होती. मित्राच्या मुलाचा तो फेरा तरी वाचला.

शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा भाग काढून छातीवरचा स्नायू वळवून तिथं लावला. नाकातून नळी, तिच्यातून गाळलेली पेज, डाळीचं पाणी, अंड्याचा पांढरा बलक घातलेलं दूध. पुढे रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस घाटकोपर ते परळ, सकाळच्या गर्दीत. लोकलमधल्या अपंगांच्या डब्यातून कर्करुग्णांनाही जाता येतं, हे मित्राला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी डब्यातल्या एकानं “तुम्हाला काय झालंय?” असं दरडावून विचारलं, तेव्हा त्यानं न बोलता तोंडावरचा रुमाल बाजूला केला. त्या माणसानं उठून जागा दिली. त्यानंतर शाळेच्या वर्गातल्या पोरांनी, सगळे साठीच्या आसपासचे, वार वाटून घेतले. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. मुलाची नोकरी टिकली ती या वाटणीमुळे. रेडिएशन स्वस्त पडेलही, पण दीड महिना रोज बरोबर जाणारा माणूस पगार बुडवून घरी बसला, तर ते बिल कुठल्याच कागदावर येत नाही.

पैसे गोळा करण्याचं कामही याच्याकडेच आलं, आणि तिथं त्याला कायद्याची एक बाजू दिसली जी काउंटरवर कधी दिसली नव्हती. आयकर कायद्याच्या नातेवाइकांच्या व्याख्येत मित्र बसत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती सगळीच घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. उसने म्हणून द्यायचे तर २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेता येत नाही. गंभीर आजारावरच्या खर्चाची वजावट स्वतःसाठी आणि अवलंबून असलेल्या नातेवाइकांसाठी मिळते, मित्रासाठी केलेल्या खर्चावर नाही. अवयवदानाचा कायदा तेवढा मित्राला ओळखतो. १९९४ च्या त्या कायद्यानुसार जवळचा नातेवाईक नसलेल्या माणसालाही आपुलकी आणि जिव्हाळ्यापोटी मूत्रपिंड देता येतं, पण आधी प्राधिकार समितीची परवानगी लागते. आयुष्यभराच्या मैत्रीची कायद्यानं याहून जास्त दखल घ्यायला हवी, असं हा बिलिंगवाला आजही ठामपणे म्हणतो, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

त्यानं एक वही घातली. कुणी काय दिलं, कुठल्या पावतीवर खर्च झालं, उरलेलं कुठे. शक्य तिथं पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात. कुणी रक्कम दिली नाही, महिन्याचं वाणसामान भरलं. कुणी मुलीच्या क्लासची फी. मित्राला एकदा वही दाखवायला गेला, तर त्यानं हातानंच थांबवलं. बोलणं अजून नीट उमटत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहिलं, “नावं दाखवू नकोस. रस्त्यात भेटले तर मान खाली जाईल.” वही तेव्हापासून वहिनींकडे राहिली.

यापुढची रात्र दोघांनाही विसरता येत नाही. नळीतून दिलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं, ताप चढला, श्वास लागला. परळ गाठण्याइतका वेळ नव्हता. रिक्षानं जवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. तिथं कॅज्युअल्टीच्या टेबलावर आधी डिपॉझिटचा विषय निघाला. बिलिंगवाल्यानं आवाज चढवला नाही. त्यानं एवढंच म्हटलं, “पेशंटला आत घ्या. डिपॉझिटचं मी तुमच्या ड्यूटी ऑफिसरशी बोलतो. योजना मलाही माहीत आहे.”

ही योजना महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक, आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका जनहित याचिकेवर मंजूर केलेली आखणी. धर्मादाय रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरानं ठेवायच्या. आज कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. यासाठी रुग्णालयानं एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे. उपनगरांत डोळ्यांत भरणाऱ्या अनेक काचेच्या इमारती कायद्यानं धर्मादाय आहेत. आत जाणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ता नसतो.

सकाळी तो वैद्यकीय समाजसेवकाच्या खोलीबाहेर सगळ्यात आधी हजर होता. फाइलमध्ये रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार, टाटाची कागदपत्रं, सगळं क्रमानं लावलेलं. वॉचमनचा पगार आणि वहिनींच्या पोळीभाजीच्या डब्यांची मिळकत मिळून घर दुर्बल घटकाच्या मर्यादेत बसत होतं. समाजसेविका तरुण मुलगी होती. तिनं फाइल चाळली आणि म्हणाली, “काका, सगळे अशी फाइल घेऊन आले तर माझं अर्धं काम होईल.” सवलतीची खाट मिळाली. डिस्चार्जच्या दिवशी न वापरलेल्या औषधांचा हिशोब त्यानं विचारून घेतला.

याच काळात त्याच्या लक्षात आलं की रुग्णांच्या वतीनं मागणारे लोक या शहरात फार आधीपासून आहेत. ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, आणि त्याच्या जेनेरिक गोळ्या सुमारे दहा हजारांत मिळत होत्या. त्या औषधाच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं. २०१९ मध्ये ४२ कर्करोग औषधांवरच्या विक्री नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हा छापील किमती खाली आलेल्या त्यानं काउंटरवर पाहिल्या होत्या. टाटाच्या डॉक्टरांनी तर मात्रेवरच प्रश्न विचारला. डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, इतर तोंडी औषधांसोबत दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा जन्मात परवडणार नाही, त्याचा विचार करून हा अभ्यास झाला. तंबाखूनं पोखरलेल्या आपल्या वस्त्यांसाठी याहून मोलाचं संशोधन थोडंच असेल.

मित्र आज आहे. बोलणं जड आहे, जेवण मऊ भाताचं. रात्रपाळी सुटली, तंबाखूही सुटली. तपासणीच्या तारखा बिलिंगवाला स्वतःच्या कॅलेंडरवर लिहितो. पंतनगरमध्ये आता लोक त्याच्याकडे दुसऱ्यांच्या फाइली घेऊन येतात आणि तो प्रत्येकाला पहिले तीन प्रश्न तेच विचारतो. अंदाजपत्रक सही-शिक्क्याचं आहे का? मुख्यमंत्री सहायता निधी असो की देवस्थानांचे न्यास, त्याशिवाय अर्ज हलत नाही. उपचार सुरू व्हायच्या आधी आलात का? झालेल्या खर्चाची भरपाई मागायला गेलं की बहुतेक दारं बंद असतात. आणि समाजसेवकाला भेटलात का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर जवळपास नेहमी ‘नाही’ असतं.

ज्यांचा एखादा मित्र हातावर पोट असलेला आहे, त्यांनी तो धडधाकट असतानाच एका रविवारी त्याच्या घरी जावं. चहा घ्यावा, रेशनकार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांची नावं अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहावं, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपला असेल तर नवा काढायला लावावा, आणि आरोग्य योजनेचा १५५३८८ हा क्रमांक त्याच्या बायकोच्या फोनमध्ये टाकून यावा.